पासपोर्ट संपला, विमान रविवारचं: देशांतर्गत प्रवासातल्या ओळखपत्राचं एक प्रकरण

प्रवासी दोन. एक ६९ वर्षांच्या मावशी, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, राहणार लातूरच्या. दुसरा त्यांचा नातू, वय ११, पुण्याचा. दोघांना रविवारी दुपारी पुण्याहून दिल्लीला मावशींच्या मुलाकडे जायचं होतं. मावशी महिनाभर पुण्यात लेकीकडेच होत्या. तिकीट तीन आठवड्यांपूर्वी एका ऑनलाइन पोर्टलवरून काढलेलं. शुक्रवारी दुपारी लेक वेब चेक-इन करायला बसली, आईचा पासपोर्ट उघडला आणि पाहते तर त्याची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपलेली. मी तिकिटांच्या कामात असल्यामुळे फोन माझ्याकडे आला. पहिलाच प्रश्न होता, "आता तत्काळमध्ये पासपोर्ट होईल का हो?"

प्रश्नच चुकीचा होता. देशातल्या देशात उडायला पासपोर्ट लागत नाही. तो चालतो, म्हणजे ओळखपत्रांच्या यादीतलं ते एक नाव आहे, एवढंच. पण ज्यांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास परदेशाचा केला, त्यांच्या डोक्यात विमान म्हणजे पासपोर्ट हे पक्कं बसलेलं असतं. मावशींचंही तेच झालं होतं. दहा वर्षांपूर्वी त्या मुलाबरोबर सिंगापूरला जाऊन आल्या, त्यामुळे लातूरहून निघताना पर्समध्ये आठवणीनं ठेवला तो पासपोर्टच. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पेन्शनचे कागद, सगळं लातूरच्या लोखंडी कपाटात. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. कपाटाची मात्र मावशींच्या पर्समध्ये, म्हणजे पुण्यात.

आधी नियम काय आहे ते पाहू. विमानतळाच्या दारात कोणती ओळखपत्रं चालतात हे विमान कंपनी ठरवत नाही. नागरी उड्डाण सुरक्षेची जबाबदारी असलेल्या बीसीएएस या केंद्रीय यंत्रणेनं ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून यादी दिली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा एम-आधार (म्हणजे मोबाईल ॲपमधलं आधार), पॅन, वाहन परवाना, नोकरीचं ओळखपत्र, विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक, पेन्शनचं फोटो असलेलं कार्ड किंवा कागद, आणि अपंगत्वाचं फोटो असलेलं ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र. दहापैकी कोणतंही एक पुरतं. दारात उभा असलेला सीआयएसएफचा जवान दोनच गोष्टी बघतो: तिकिटावरचं नाव आणि कागदावरचं नाव एक आहे का, आणि कागदावरचा चेहरा समोरच्या माणसाचा आहे का. कागद मूळ हवा. झेरॉक्स चालत नाही आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही चालत नाही.

या यादीखाली एक कलम आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. दहापैकी एकही कागद योग्य कारणामुळे दाखवता येत नसेल, तर केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट-अ राजपत्रित अधिकाऱ्यानं आपल्या लेटरहेडवर दिलेलं, साक्षांकित फोटो असलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. या प्रकरणात त्याचाही विचार झाला. त्याकडे पुढे येतो.

पर्स रिकामी केली तेव्हा

मी लेकीला म्हटलं, आईची पर्स टेबलावर ओता आणि जे जे निघेल ते मला वाचून दाखवा. निघालं ते असं. मुदत संपलेला पासपोर्ट. एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं स्मार्ट कार्ड. रेशन कार्डाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं पासबुक, त्यावर फोटो आणि बँकेचा शिक्का. आणि मोबाईलमध्ये, कधीतरी गॅस एजन्सीला पाठवलेला आधार कार्डाचा फोटो.

दिसायला भरपूर, कामाचं मूळ कागदपत्र एकही नाही. एसटीचं कार्ड सरकारी महामंडळाचं, त्यावर फोटोही स्वच्छ, म्हणून मावशींचा त्यावर फार भरवसा. पण ते सवलतीचं कार्ड, विमानतळाच्या यादीत नाही. रेशन कार्ड यादीत नाही, आणि ही तर त्याची झेरॉक्स. पासबुक म्हटल्यावर लेकीला वाटलं, सुटलो. पण यादी राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक म्हणते आणि जिल्हा बँक सहकारी आहे. गावाकडच्या निम्म्या लोकांचं मुख्य खातं जिल्हा बँकेतच असतं, त्यामुळे ही अट शहरात बसून लिहिल्यासारखी वाटते, हे खरं. पण रविवारी दुपारी दारातल्या जवानाशी त्यावर वाद घालून काही निघणार नव्हतं.

मुदत संपलेल्या पासपोर्टबद्दल मावशींचा मुद्दा होता, "चेहरा माझाच आहे, नाव माझंच आहे, मग तारखेनं काय बिघडतं?" तर्क चुकीचा नाही. पण चालतो तो वैध पासपोर्ट. एखाद्या विमानतळावर एखाद्या जवानानं नजरचुकीनं सोडल्याचे किस्से ऐकायला मिळतात. त्यांच्या भरवशावर ६९ वर्षांच्या बाईला आणि ११ वर्षांच्या पोराला लोहगावच्या विमानतळावर पाठवणं मला पटेना. तत्काळ पासपोर्टचा विचार तर तिथंच सोडला. त्यालाही कागद लागतात, आणि कागदांचाच तर प्रश्न होता.

लातूरहून कागद मागवायचे? रात्रीच्या खासगी बसनं पाकीट पाठवलं तर सकाळी पुण्यात येतं, हा मराठवाड्यातल्या लोकांचा रोजचा मार्ग. पण कपाटाची किल्ली पुण्यात. ती आधी लातूरला धाडायची, मग कपाट उघडून पाकीट उलट पाठवायचं, म्हणजे दोन रात्री. शुक्रवारी रात्री किल्ली आणि शनिवारी रात्री कागद, म्हणजे पाकीट रविवारी सकाळी पुण्यात. बस वेळेवर आली तर जमतं. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकली तर नाही. शेजाऱ्यांनी कुलूपवाला आणून कपाट फोडायची तयारी दाखवली. मावशींनी ती फोनवरच मोडीत काढली, कारण कपाटात दागिने होते.

आधार आहे, पण ओटीपी कुणाला?

सरळ उपाय ई-आधारचा. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या यंत्रणेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो, डिजिटल सही असलेली पीडीएफ उतरते. ती साध्या कागदावर छापली तरी मूळ आधाराइतकीच ग्राह्य असते. क्रमांक माहीत होता, कारण तो गॅस एजन्सीचा फोटो मोबाईलमध्ये होता. विमानतळाच्या दारात निरुपयोगी असलेला हा फोटो इथं कामी आला.

ओटीपी मात्र येईना. दोनदा, तीनदा केलं. मग मी लेकीला त्याच संकेतस्थळावरच्या आधार पडताळणीच्या पानावर जायला सांगितलं. तिथं वयाचा गट, लिंग, राज्य आणि नोंदवलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. आकडे पाहून लेक थोडा वेळ बोललीच नाही. नंबर वडिलांचा होता. ते जाऊन चार वर्षं झाली, सिम बंद पडलं.

हे घराघरात आहे. सुरुवातीच्या आधार शिबिरांत घरातल्या कर्त्या पुरुषाचा नंबर सगळ्यांच्या अर्जावर टाकला गेला. बायकोचा, आईचा, मुलांचा, सगळ्यांचा नंबर तोच. माणूस गेला की सिम बंद होतं, आणि काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते. म्हणजे मावशींचा ओटीपी हवेत विरत होता की कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर टिंग वाजवत होता, हे सांगता येत नव्हतं. ही गोष्ट विमानापेक्षा गंभीर आहे, असं मी लेकीला त्याच वेळी सांगितलं.

याच एका नंबरामुळे बाकीची दारंही बंद झाली. एम-आधार ॲप त्याच ओटीपीवर चालतं. डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमध्ये आधार आणायचं तरी ओटीपी तिथंच जातो. (डिजिलॉकरबद्दल एक गोष्ट जाता जाता. त्यात सरकारी खात्यानं थेट दिलेले कागद वेगळ्या विभागात असतात आणि आपण स्वतः स्कॅन करून चढवलेले वेगळ्या. किंमत पहिल्या विभागाला आहे. दुसरा विभाग म्हणजे फोटोंचा अल्बम.) मावशींच्या मुलानं दिल्लीहून फोन करून सुचवलं, डिजियात्रा करा, चेहरा दाखवला की दार उघडतं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीपासून सुरू झालेली ही सोय चांगली आहे, ऐच्छिकही आहे, पण तिची नोंदणीही आधारच्या ओटीपीनंच होते. पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं, आधार कार्ड मात्र नोंदणी नसलेल्या मोबाईलवरूनही मागवता येतं. पण ते स्पीड पोस्टनं आधारवरच्या पत्त्यावर जातं, म्हणजे पुन्हा लातूर, आणि तेही काही दिवसांनी.

नातवाचं काम याच दरम्यान उरकलं, आणि किती सहज! घरात सगळ्यांची समजूत होती की लहान मुलाला ओळखपत्र लागत नाही. परिपत्रकातली सवलत आई-वडिलांबरोबर प्रवास करणाऱ्या अल्पवयीन मुलांना आहे. आजीचा उल्लेख त्यात नाही. शाळेचं ओळखपत्र होतं, पण शाळा खासगी, आणि यादी सरकारी संस्थांच्या विद्यार्थी ओळखपत्रांची. अशा मुलांना शाळेच्या कार्डावर सर्रास सोडतात हे मला माहीत आहे, तरी मी आधार काढायला सांगितलं. त्याच्या आधारला आईचा चालू नंबर होता. पाच मिनिटांत पीडीएफ उतरली. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. ११ वर्षांच्या मुलाची ओळख पाच मिनिटांत सिद्ध झाली आणि ३४ वर्षं लोकांचे उतारे, दाखले हाताळलेल्या बाईंची अडून बसली, यावर मावशी स्वतःच हसल्या.

शुक्रवार संध्याकाळ

आता दोन रस्ते उरले. पहिला आधार सेवा केंद्राचा. यूआयडीएआयची स्वतःची केंद्रं आठवड्याचे सातही दिवस चालतात, आणि तिथं ओटीपीऐवजी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं देऊन ई-आधारची रंगीत प्रत नाममात्र शुल्कात काढून मिळते. ही सोय लोकांना ठाऊक नसते, कारण केंद्रावर माणूस जातो तो पत्ता किंवा नंबर बदलायला. शनिवारी सकाळची वेळ ऑनलाइन घेतली.

दुसरा रस्ता गट-अ अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा, पहिला फसला तर हाताशी असावा म्हणून. मावशींना हा रस्ता फार आवडला. हे त्यांचं क्षेत्र. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता नायब तहसीलदार झाली होती. "तिला सांगते, लगेच देईल." पण नायब तहसीलदार गट-ब. तहसीलदार गट-अ. हा फरक मावशींना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. परिपत्रकात गट-अ लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच तो विषय सोडला. ओळखीचे तहसीलदार होते, पण शुक्रवारचे साडेपाच वाजून गेलेले, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा. शनिवारी कार्यालय बंद, शिक्का कपाटात.

शनिवारी कोणतं सरकारी ठिकाण उघडं असतं? रुग्णालय. शासकीय रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी गट-अ चे असतात. लेकीच्या मैत्रिणीचे यजमान त्या पदावर होते, मावशींना कित्येक वर्षं ओळखत होते. ओळखत होते हे महत्त्वाचं. अनोळखी माणसाच्या फोटोवर सही करायला चांगला अधिकारी नकार देतो आणि त्याचं बरोबरच असतं. मी मजकूर सुचवला: लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख, प्रवाशाचं नाव तिकिटावर आहे अक्षरशः तसंच, वय, पत्ता, "यांना मी व्यक्तिशः ओळखतो" हे वाक्य, चिकटवलेला फोटो, आणि सही-शिक्का असा की निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर. खाली अधिकाऱ्याचं नाव, पदनाम आणि गट-अ हा स्पष्ट उल्लेख. गट लिहिलेला नसेल तर दारातल्या जवानानं तो कसा ओळखायचा?

मजकूर सांगताना "तिकिटावर आहे तसंच" म्हटलं, म्हणून लेकीनं तिकीट उघडलं. आणि तिथं दुसरी अडचण निघाली. पोर्टलवर नाव टाकताना पहिल्या नावातलं शेवटचं इंग्रजी ए अक्षर गळलेलं. आधारवर होतं, पासपोर्टवर होतं, तिकिटावर नव्हतं.

मराठी नावांचं हे दुखणं जुनंच. पासपोर्टवर पतीचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं, आधारवर मधे येतं, तिकिटावर बहुतेकदा येतच नाही. मधलं नाव नसल्यामुळे कुणाला अडवल्याचं मी पाहिलेलं नाही. गळलेल्या एका अक्षरावरूनही बहुतेक जण सोडतील. पण सगळेच सोडतील असं नाही, आणि आधीच ज्याचा कागद नेहमीचा नाही, त्याच्या नावाकडे जवान जरा जास्तच निरखून बघतो. तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेलं असतं आणि चूक २४ तासांच्या आत दाखवली असती, तर विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती फुकट झाली असती. इथं पोर्टल मधे होतं आणि तीन आठवडे उलटलेले. पोर्टलच्या ग्राहक सेवेनं कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीनं पोर्टलकडे. शेवटी रात्री नऊच्या सुमारास कंपनीच्या कॉल सेंटरवरच्या एका मुलीनं एका अक्षराची दुरुस्ती करून नवा पीएनआर मेल पाठवला. तिनं काही पैसे घेतले नाहीत, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं.

वेळ पडली असती तर पॅन चाललं असतं का, असं लेकीनं नंतर विचारलं. नसतं. पॅन मावशींच्या माहेरच्या नावावर आहे. नोकरीला लागल्या तेव्हा त्या अविवाहित होत्या, सेवापुस्तकातलं नाव पुढे राजपत्रात प्रसिद्ध करून बदललं, पॅनचं राहून गेलं. ते तिकिटाशी जुळलंच नसतं. कपाटात दहा कागद असले तरी त्यातले किती तिकिटावरच्या नावाचे, हे मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

शनिवार आणि रविवार

केंद्रावर मावशींचे अंगठे उमटेनात. यंत्र दरवेळी लाल. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात कोरडी हवा. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं बोटं पुसायला दिली, पुन्हा दाबायला लावली, पुन्हा लाल. मग त्यानं दुर्बिणीसारखं दिसणारं बुबुळांचं यंत्र पुढे केलं. चष्मा काढला, मावशींनी डोळे मोठे केले, पहिल्या झटक्यात हिरवं. रंगीत प्रत हातात आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्याच खुर्चीवर बसून मोबाईल नंबर बदलण्याचा अर्जही भरला. त्यासाठी कोणताही कागद लागत नाही, फक्त स्वतः हजर राहावं लागतं. नवा नंबर कुणाचा, यावर मायलेकींत थोडी घासाघीस झाली. लेक म्हणत होती माझा द्या. मावशींनी स्वतःचाच दिला, आणि मला वाटतं बरोबर केलं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्रही संध्याकाळी मिळालं. गरज उरली नव्हती, तरी ते पर्समध्ये ठेवायला सांगितलं.

रविवारी मी त्यांना नेहमीपेक्षा तासभर आधी पोचायला सांगितलं होतं. देशांतर्गत उड्डाणाचा सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. दारात वाद झालाच तर कंपनीच्या माणसाला बाहेर बोलावून घ्यायला वेळ हातात हवा. आणि दुर्दैवानं प्रवास झालाच नसता तर? तिकीट परताव्याचं नसलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मागता येतात. ती मागणारे फार थोडे.

दारातल्या जवानानं आधी नातवाचा कागद पाहिला, मग मावशींचा. ए-फोर कागद उलगडून फोटोकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. आधारवरचा फोटो कुणाचाच ओळखू येत नाही, पण कुंकू तेच होतं. "माताजी, पूरा नाम बताइए." मावशींनी नाव, पतीचं नाव, आडनाव असं खणखणीत सांगितलं, सातबारा वाचून दाखवावा तसं. त्यानं कागद परत दिला. सामानाच्या काउंटरवर पुन्हा एकदा ओळखपत्र मागितलं, तिथंही हाच कागद चालला. प्रमाणपत्र पर्समधून बाहेर निघालंच नाही.

परतीच्या वेळेपर्यंत नवा नंबर आधारशी जोडला गेला होता. दिल्लीत मुलानं आईच्या फोनवर एम-आधार आणि डिजिलॉकर दोन्ही सुरू करून दिली, आणि त्या मोबाईलवरचं आधार दाखवून परत आल्या. कागदी प्रत तरीही पर्समध्ये होतीच. चार्जिंग संपलेल्या फोनवर ओळख दाखवता येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

लेकीनं मग पासपोर्टच्या नूतनीकरणाचा विषय काढला. साध्या ३६ पानी पुस्तिकेचं शुल्क १,५०० रुपये, शिवाय अर्ज, भेटीची वेळ, पोलीस पडताळणी. परदेशी जाण्याचा बेत असेल तर जरूर करा, नुसत्या दिल्लीसाठी नको, असं मी म्हटलं. मावशींचंही तेच मत पडलं. त्याऐवजी त्यांनी मतदार ओळखपत्रावरचं स्पेलिंग दुरुस्त करायला फॉर्म ८ भरलाय, आणि कोषागारातून पेन्शनरांचं ओळखपत्र मिळतं ते आजवर आपण का घेतलं नाही, याची चौकशी त्या स्वतः करणार आहेत.